शब्द ग्रीक, शिक्का कुणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे व्यवसायोपचाराच्या शाळेत प्रवेश हवा असेल, तर अर्ज करण्याआधीच काही विषय पुरे केलेले असावे लागतात. शरीररचना आणि शरीरक्रिया, संख्याशास्त्र, माणसाच्या वाढीचे मानसशास्त्र, मनोविकारांचे मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र आणि बऱ्याच शाळांत 'मेडिकल टर्मिनॉलॉजी', म्हणजे वैद्यकीय परिभाषा. यादीतला हा शेवटचा विषय सगळ्यांत लहान, बहुधा एक ते तीन क्रेडिटांचा. पण विद्यार्थी अडतात ते नेमके इथेच. विषय अवघड आहे म्हणून नव्हे. तो कुठे शिकावा आणि शिकल्याचा कुणाचा कागद चालतो, हे कळत नाही म्हणून.

माझी एक भाची तिकडे राहते. मानसशास्त्राची पदवी घेतल्यावर तिने व्यवसायोपचाराकडे वळायचे ठरवले. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, त्यामुळे तिचे या विषयातले बरेच बोलणे माझ्याशी व्हायचे. ''मामा, यातले निम्मे शब्द तुझ्या संस्कृतचे चुलतभाऊ दिसताहेत,'' असे ती म्हणाली, तेव्हा मला मोठी गंमत वाटली. पण पुढची गोष्ट गमतीची नव्हती. इंटरनेटवर एका कंपनीचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तिने पैसे भरून पुरा केला. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' असे ठळक छापलेले होते. प्रमाणपत्रही झोकदार मिळाले. शाळेने मात्र ते स्वीकारले नाही. मान्यताप्राप्त कॉलेजची गुणपत्रिका हवी, असे उत्तर आले. कंपनी खोटे बोलत होती म्हणावे, तर तसेही नव्हते. तिला मान्यता होती, पण ती नोकरीत असलेल्यांच्या उजळणीवर्गांसाठी होती, पदवीच्या क्रेडिटांसाठी नव्हे.

हा घोळ समजून घ्यायचा तर दोन इतिहास पाहावे लागतात. एक शब्दांचा आणि दुसरा शिक्क्याचा. दोन्ही आपल्याला वाटतात त्यापेक्षा रंजक आहेत.

आधी शब्दांकडे वळू. युरोपातील वैद्यकाची भाषा जन्माने ग्रीक. हिपॉक्रेटिस आणि त्याच्या परंपरेतले ग्रंथ ग्रीकमध्ये आहेत. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने वैद्यकावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हा ग्रीक शब्दांचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. काही शब्द त्याने तसेच ठेवले, काहींना लॅटिन पेहराव चढवला, काहींना लॅटिन पर्याय शोधले. आज मराठीत विज्ञान लिहिणारा माणूस जे करतो, तेच. तेव्हापासून वैद्यकाचा संसार दोन भाषांत चालतो. साधारणपणे अवयवांची नावे लॅटिन, तर रोगांची आणि शस्त्रक्रियांची नावे ग्रीक. मूत्रपिंडासाठी 'रीनल' आणि 'नेफ्रो' असे दोन्ही शब्द का, याचे उत्तर इथे आहे.

नावे ठेवणारी माणसे आपल्यासारखीच होती. दिसेल तशी उपमा द्यायची. गुडघ्याची वाटी लॅटिनमध्येही वाटीच, 'पटेला' म्हणजे लहान ताटली. नडगीचे हाड 'टिबिया', म्हणजे पावा. माकडहाड त्यांना कोकिळेच्या चोचीसारखे वाटले, म्हणून ते 'कॉक्सिक्स'. कातडीखाली दंड फुगतो तो उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून स्नायू झाला 'मसल', म्हणजे छोटा उंदीर. आणि डोळ्याची बाहुली? इंग्रजी 'प्युपिल' हा लॅटिन 'पुपिल्ला'वरून आला, त्याचा अर्थ लहान मुलगी किंवा बाहुली. संस्कृतमध्ये तिलाच 'कनीनिका' म्हणतात, म्हणजे पुन्हा लहान मुलगीच. समोरच्याच्या डोळ्यांत आपले इवलेसे प्रतिबिंब दिसते, ते रोममध्ये दिसले आणि इथेही.

इतकी नावे, इतके देश, इतकी विद्यापीठे. व्हेसालियसचा शरीररचनेवरचा महाग्रंथ १५४३ मध्ये निघाला आणि त्यानंतर शवविच्छेदन करणाऱ्या प्रत्येकाने आपापली नावे ठेवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे पाच हजार रचनांसाठी पन्नास हजारांच्या घरात नावे प्रचारात होती. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात शरीररचनातज्ज्ञांनी एक अधिकृत यादी मान्य केली आणि रचनेगणिक एकच लॅटिन नाव ठेवले. या यादीच्या सुधारणा पुढे चालूच राहिल्या. १९५५ ची पॅरिसची यादी आणि १९९८ ची 'टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका' ही तिचीच पुढची रूपे. आज आपला विद्यार्थी पाठ करतो तो शब्दसंग्रह म्हणजे त्या झाडलोटीनंतर उरलेला ऐवज आहे.

आता भाचीच्या चुलतभावांकडे. ग्रीक 'ऑस्टिऑन' आणि आपले 'अस्थि', ग्रीक 'हेपार' आणि आपले 'यकृत्', ग्रीक 'गोनु', लॅटिन 'जेनू' आणि आपला 'जानु', लॅटिन 'नासुस' आणि आपली 'नासिका', लॅटिन 'डेन्स' आणि आपला 'दन्त'. या जोड्या योगायोगाच्या नाहीत. भाषांचे एकच मूळ कूळ असल्याची ती खूण आहे. त्याहून मौज उपसर्गांची. 'हायपर' हा आपल्या 'उपरि'चा आणि 'हायपो' हा आपल्या 'उप'चा सख्खा नातेवाईक. नकारासाठी ग्रीकमध्ये 'अ' आणि पुढे स्वर आला तर 'अन्'. आपल्याकडेही अज्ञान, पण अनादर. 'ॲनेस्थेशिया'मधला 'अन्' तोच. ज्याने शाळेत समासाचा विग्रह केला आहे, त्याला 'ऑस्टिओआर्थ्रायटिस'ची भीती वाटण्याचे कारण नाही. अस्थि, संधी आणि दाह, असे तीन तुकडे केले की रोग हातात येतो.

वैद्यकीय परिभाषेचा अभ्यासक्रम म्हणजे मुख्यतः हेच तुकडे पाडणे. मूळ, उपसर्ग, प्रत्यय आणि त्यांना जोडणारा स्वर. पण एका अक्षराने घोटाळा होतो. 'डिस्फॅजिया' म्हणजे गिळण्याचा त्रास आणि 'डिस्फेझिया' म्हणजे बोलण्याचा किंवा भाषा समजण्याचा त्रास. पक्षाघाताच्या रुग्णाला यांतले काहीही होऊ शकते. ज्याला गिळता येत नाही त्याला घास भरवला, तर तो श्वासनलिकेत जाईल. 'इलियम' या उच्चाराचे दोन शब्द आहेत, एक आतड्याचा भाग आणि दुसरा कमरेचे हाड. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक. संक्षेपांचीही तीच कथा. औषधाच्या 'युनिट'साठी नुसते इंग्रजी 'यू' लिहिले, तर ते शून्य म्हणून वाचले जाते आणि मात्रा दहापट होते. म्हणून रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये धोकादायक संक्षेपांची यादी करून ते वापरू नका, असे बजावले. तेव्हा विषय छोटा असला, तरी चैनीचा नाही.

पण व्यवसायोपचाराला ही डॉक्टरी भाषा कशाला हवी? हा उपचार सुरू केला तोच मुळी बहुतांशी डॉक्टर नसलेल्या माणसांनी. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी सहा जण जमले आणि त्यांनी या उपचाराची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. यजमान होते जॉर्ज बार्टन. हे वास्तुविशारद. क्षयाने गांजलेले आणि शरीराची डावी बाजू लुळी पडलेली. हातांना काम मिळाले की माणूस सावरतो, हा त्यांचा स्वतःवर घेतलेला अनुभव. त्यांच्या चिटणीस इझाबेल न्यूटन, समाजकार्यकर्त्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल, हस्तकलेच्या शिक्षिका सुझन कॉक्स जॉन्सन, कॅनडातून आलेले वास्तुविशारद थॉमस किडनर आणि मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डन्टन हे बाकीचे पाच. सहांत डॉक्टर एकच.

'व्यवसाय' या शब्दाने आपल्याकडे थोडी फसगत होते. इथे त्याचा अर्थ धंदा किंवा नोकरी एवढाच नाही. दिवसभरात माणूस जे जे करतो ते सारे. पक्षाघातानंतर सदऱ्याची बटणे लावता यावीत, अपघातानंतर परत कामावर जाता यावे, स्वमग्न मुलाला वर्गात बसता यावे, यासाठी रुग्णाच्या बरोबरीने काम करतो तो व्यवसायोपचारतज्ज्ञ. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी अमेरिकेने अशा स्त्रियांना घाईघाईने तयार केले. टोपल्या विणणे, लाकूडकाम, विणकाम ही त्यांची साधने. युद्ध संपले आणि प्रश्न आला की, या बायकांना शिकवणाऱ्या शाळा चांगल्या की वाईट, हे ठरवायचे कुणी? १९२३ मध्ये त्यांच्या संघटनेने प्रशिक्षणाचे किमान दंडक घातले. १९३५ मध्ये तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनबरोबर, म्हणजे डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेबरोबर, शाळांच्या मान्यतेचे निकष ठरले. डॉक्टरांचा शिक्का हवा, तर डॉक्टरांची भाषा यायलाच हवी. टोपली विणायला शिकवणारीला रुग्णाच्या कागदावरचा 'हेमिप्लेजिया' वाचता आला पाहिजे आणि तिने लिहिलेली नोंद डॉक्टरला आणि पुढे विमा कंपनीलाही उमगली पाहिजे. १९९४ नंतर शाळांना मान्यता देण्याचे काम व्यवसायोपचाराच्या स्वतःच्या मंडळाकडे आले. 'एकोट' हे त्याचे संक्षिप्त नाव.

या इतिहासाचा एक धागा थेट परळपर्यंत येतो. कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. निंबकरांच्या घरात सून होऊन त्या भारतात आल्या. व्यवसायोपचाराचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी व्यवसायोपचाराचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका, इंग्लंड, कॅनडा यांच्या पंगतीत भारत होता. नुकताच स्वतंत्र झालेला देश पहिल्या पंगतीत बसला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? फलटणच्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात अनेकांना परिचित आहे. पण त्यांचे मूळ काम परळला झाले. नागपूरलाही १९५८ मध्ये शाळा निघाली.

आपल्याकडे मात्र वैद्यकीय परिभाषा हा प्रवेशाआधीचा वेगळा विषय झाला नाही. कारण इथे मुले बारावी विज्ञान करून थेट पदवीला जातात आणि ती भाषा शरीररचनेच्या वर्गातच, विच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहून शिकतात. अमेरिकेत उलटे घडले. १ जानेवारी २००७ पासून तिथे व्यवसायोपचारात पाऊल ठेवण्यासाठी पदवीनंतरचे शिक्षण आवश्यक झाले. आज तिथे या क्षेत्रात शिरायचे ते मास्टर्सने किंवा डॉक्टरेटने. त्यामुळे अर्ज करणारे येतात ते नाना विषयांच्या पदव्या घेऊन. कुणी मानसशास्त्राचा, कुणी संगीताचा, कुणी वाणिज्याचा. या सगळ्यांना एका रेषेवर आणायचे कसे? म्हणून दाराशी विषयांची ती यादी आली. ही यादी 'एकोट' ठरवत नाही, प्रत्येक शाळा आपली आपण ठरवते. एका शाळेला परिभाषा हवी असते, दुसरीला नको असते. एकीला तीन क्रेडिटे लागतात, दुसरीचे एकाने भागते. काही शाळा तर अमुक वर्षांपेक्षा जुना अभ्यास चालणार नाही, असेही म्हणतात.

आता हा विषय इंटरनेटवर इतका का मिळतो? त्याचेही कारण जुने आहे. मास्तरावाचून शिकता येईल असा वैद्यकातला हा बहुधा सर्वांत सोयीचा विषय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५८ मध्ये शिकवणाऱ्या यंत्रांवर एक गाजलेला लेख लिहिला. मजकुराचे लहान लहान घास करावेत, प्रत्येक घासानंतर विद्यार्थ्याने उत्तर द्यावे, ते बरोबर की चूक हे त्याला लगेच कळावे, अशी कल्पना. या पद्धतीने लिहिलेले वैद्यकीय परिभाषेचे पुस्तक १९६३ मध्येच बाजारात आले होते. स्मिथ आणि डेव्हिस या दोन लेखिकांचे. रिकामी जागा भरा, पान उलटा, उत्तर पडताळा. संगणक आला तेव्हा या पानांना फक्त पडद्यावर न्यायचे बाकी होते. जो विषय सहज पडद्यावर जातो, तो विकणेही सोपे. म्हणून विक्रेते फार. आणि विक्रेते फार झाले की शिक्क्याला महत्त्व येते.

शिक्क्याचा इतिहास समजताना आपल्या मनातली एक समजूत बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे मान्यता म्हटले की सरकार आले. विद्यापीठ अनुदान आयोग १९५६ च्या कायद्याने आला, 'नॅक' १९९४ मध्ये. अमेरिकेत केंद्र सरकारने ही जबाबदारी घेतलीच नाही. तिथे १८८५ पासून न्यू इंग्लंड भागातल्या शाळा-कॉलेजांनी आपण होऊन संघ काढला. शाळेतून कॉलेजात येणाऱ्या मुलाची तयारी कितपत असावी, हे आपसात ठरवावे, हा मूळ हेतू. मग इतर प्रांतांतही असे संघ निघाले. हीच ती 'प्रादेशिक' मान्यता. कॉलेजांनी एकमेकांना तपासायचे आणि एकमेकांबद्दल ग्वाही द्यायची, अशी ही पद्धत.

सरकार त्यात आले ते पैशाच्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४ च्या कायद्याने सरकारने उचलला. तो पैसा खेचण्यासाठी रातोरात शाळा निघाल्या. काहींत ना धड वर्ग होते, ना शिक्षक. चौकशा झाल्या. मग कोरियन युद्धाच्या सैनिकांसाठी १९५२ मध्ये नवा कायदा करताना काँग्रेसने मेख मारली. शिक्षण आयुक्तांनी विश्वसनीय मान्यता-संस्थांची यादी जाहीर करायची आणि सरकारी मदतीचा दरवाजा त्या मान्यतेला जोडायचा. खासगी संघांचा शिक्का अशा रीतीने सरकारी तिजोरीची किल्ली झाला.

पत्राने शिकवणाऱ्या संस्था याआधीच होत्या. १९२६ मध्ये त्यांची परिषद स्थापन झाली आणि पुढे तीही मान्यता देऊ लागली. तिची मान्यता 'राष्ट्रीय' म्हणवली जाई. इथे आपली गंमत होते. आपल्या कानाला 'राष्ट्रीय' हे 'प्रादेशिक'पेक्षा मोठे वाटते. अमेरिकन शिक्षणात ते नेमके उलट होते. प्रतिष्ठेची ती प्रादेशिक. राष्ट्रीय मान्यतेच्या संस्थेतले क्रेडिट प्रादेशिक मान्यतेचे कॉलेज बहुधा स्वीकारत नसे. १ जुलै २०२० पासून अमेरिकेच्या शिक्षण खात्याने हा भेद आपल्या नियमांतून काढून टाकला. पण नियमातून गेला म्हणून वहिवाटीतून लगेच जातो असे नाही. अनेक शाळांच्या सूचनांत 'प्रादेशिक मान्यतेचे कॉलेज' हे शब्द त्यानंतरही राहिले.

ऑनलाइन शिक्षणाबद्दल सरकारचा संशयही जुना. १९९२ च्या दुरुस्तीने निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम दुरून शिकवणाऱ्या कॉलेजांना केंद्रीय मदतीतून वगळले होते. १९९९ मध्ये जोन्स इंटरनॅशनल या सर्वस्वी ऑनलाइन विद्यापीठाला प्रादेशिक मान्यता मिळाली, तेव्हा अमेरिकन प्राध्यापकांनी बराच निषेध केला. २००६ मध्ये ऑनलाइनपुरती ती निम्म्याची अट उठली आणि बाजार खुला झाला. ते जोन्स विद्यापीठ पुढे बंदही पडले. कोरिंथियन कॉलेजेस २०१५ मध्ये आणि आयटीटी टेक २०१६ मध्ये कोसळले. हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. या संस्थांना मान्यता नव्हती का? होती. आयटीटीला मान्यता देणाऱ्या 'एसिक्स' या संस्थेचीच सरकारी मान्यता २०१६ मध्ये काढण्यात आली, २०१८ मध्ये परत दिली गेली आणि २०२२ मध्ये कायमची गेली. शिक्का मारणाऱ्यालाही शिक्का लागतो, हे त्या मुलांना फार महागात कळले.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निघते. ती माहीत असती, तर माझ्या भाचीचे पैसे वाचले असते. 'मान्यताप्राप्त अभ्यासक्रम' असा शोध घेणे हेच मुळात फसवे आहे. अमेरिकेत मान्यता सुट्या अभ्यासक्रमाला सहसा मिळतच नाही. ती मिळते संपूर्ण कॉलेजला, किंवा व्यवसायोपचारासारख्या संपूर्ण व्यावसायिक शिक्षणक्रमाला. परिभाषेच्या दोन क्रेडिटांना मान येतो, तो ती देणाऱ्या कॉलेजमुळे. म्हणून शोधायचे ते कॉलेज. ते मान्यताप्राप्त आहे का, हे त्याच्या स्वतःच्या जाहिरातीत पाहायचे नाही. शिक्षण खात्याच्या आणि उच्च शिक्षण मान्यता परिषदेच्या जाहीर याद्यांत पाहायचे. दुसरे म्हणजे, हा विषय क्रेडिटासह आणि श्रेणीसह गुणपत्रिकेवर येतो का, ते विचारायचे. निरंतर शिक्षणाचे तास आणि कॉलेजचे क्रेडिट या वेगळ्या गोष्टी आहेत. काही अभ्यासक्रमांना क्रेडिट द्यावे अशी 'शिफारस' असते. शिफारस म्हणजे मान्यता नव्हे. ती पाळायची की नाही, हे कॉलेजच्या मर्जीवर असते. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या शाळेत जायचे तिच्या प्रवेश कार्यालयाला अभ्यासक्रमाचे नाव, कॉलेज आणि क्रेडिटे लिहून पाठवायची आणि 'चालेल' हे उत्तर लेखी घ्यायचे. पैसे भरायचे ते त्यानंतर. काही शाळांना साधे प्रमाणपत्रही पुरते. तेही विचारल्याशिवाय कळत नाही.

भाचीने अखेर घराजवळच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजमधून हाच विषय ऑनलाइन केला. ही कम्युनिटी कॉलेजे अमेरिकेची मोठी पुण्याई आहेत. पहिले जॉलिएट गावात १९०१ मध्ये निघाले. फी कमी, दार सर्वांना उघडे आणि पदरात पडणारे क्रेडिट खणखणीत. शब्द तेच, चाचण्याही जवळपास त्याच. दुसऱ्यांदा शिकताना तिला नवे फार काही शिकावे लागले नाही. मग शिक्का म्हणजे निव्वळ थोतांड का? तसे मला वाटत नाही. पहिल्या कंपनीच्या परीक्षेत पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहिता येत होती आणि हवी तितक्या वेळा परीक्षा देता येत होती. कॉलेजात तसे नव्हते. कुणीतरी तिचे काम वाचत होते. चूक झाली तर लाल रेघ ओढणारा एक माणूस पलीकडे होता. शिक्क्याचा अर्थ इतकाच की, या विद्यार्थ्याला कुणीतरी खरोखर तपासले आहे.

जाता जाता आपल्याकडच्या मुलांसाठी एक सांगतो. भारतात पदवी घेऊन तिकडे काम करू पाहणाऱ्याची वाट वेगळी आहे. तिथे हा छोटा विषय नव्हे, अख्खी पदवीच तपासली जाते. पण मराठी माध्यमातून बारावी करून मुंबईला किंवा नागपूरला या शिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींना पहिले सहा महिने जो ग्रीक शब्दांचा मारा होतो, त्याने कित्येक हुशार मुले खचतात. आपली इंग्रजी कच्ची आहे, असे त्यांना वाटते. ते इंग्रजी नसतेच मुळी. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलालाही ते तितकेच परके असते. आपल्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषा कोशांचे मोठे काम केले. ते कोश शेजारी ठेवून, शब्दांचे तुकडे पाडून, अस्थि आणि ऑस्टिऑन जुळवत शिकले, तर मराठी मुलाची बाजू थोडी बळकटच ठरेल. पहिल्या वर्षाच्या आरंभी दोन आठवडे केवळ यासाठी राखून ठेवायला आपल्या कॉलेजांना काय हरकत आहे?

शिक्क्याचा प्रश्न तर आता आपल्याही दाराशी आला आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने व्यवसायोपचारासह अनेक वैद्यकपूरक शिक्षणक्रमांसाठी राष्ट्रीय आयोग आला. दुसरीकडे मोबाइलवर रोज नव्या 'मान्यताप्राप्त' कोर्सची जाहिरात येते. मान्यता कुणाची, कशासाठी आणि ती चालते कुठे, हे तीन प्रश्न पालकांनी आता पाठच करून ठेवले पाहिजेत. हे प्रश्न आपल्या पैशांपुरते नाहीत. उद्या एखाद्या आजोबांच्या कागदावर गिळता येत नाही असे लिहिलेले असेल आणि घास हातात घेतलेल्या तरुण मुलीला तो एक शब्द नीट वाचता यावा लागेल. ती कुठे शिकली, हे आजोबा विचारणार नाहीत. त्यांच्या वतीने ते कुणीतरी आधीच विचारलेले असले पाहिजे.